दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य

सरांनी कोपऱ्यातला झाडू उचलायला सांगितलं. मी उचलला. "झाड," म्हणाले. मी झाडू लागले. मग सर वर्गाकडे वळले आणि वकिलाच्या मुलाला विचारलं, ही काय करतेय? तो उभा राहिला.

"शी इज स्वीपिंग द फ्लोअर."

सर म्हणाले, "व्हेरी गुड." त्याला.

आमचं खेडं नेरकडचं. हायस्कूल शेजारच्या मोठ्या गावी. तिथले इंग्रजीचे सर वर्ग रंगवून शिकवत. कोणी दार उघडायचं, कोणी फळ्यावर नाव लिहायचं, आणि करता करता 'मी हे करतोय' असं इंग्रजीत बोलायचं. घंटा झाली तरी पोरं उठत नसत. हुशार माणूस. खोटं कशाला बोलू?

माझ्या वाट्याला फक्त झाडू. वर्षभर. आणि वाक्य दुसऱ्याच्या तोंडी. एकदा मी धीर करून म्हटलं, सर, मी बोलू? ते म्हणाले, "तुझी जीभ वळायची नाही."

संध्याकाळी आई चुलीपाशी विचारायची, "आज विंग्रजी बोलली का वं?" मी दुसऱ्या कोणाचं तरी वाक्य म्हणून दाखवायची. ती भाकर थापायची थांबून ऐकायची.

आई आधी पाटलाचं अंगण झाडायची. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि तिनं ते काम सोडलं. त्या हंगामात गावात कोणी तिला कापूस वेचायला बोलावलं नाही. अंबाडीच्या भाजीवर दिवस काढले. मला आठवतं.

एक दिवस सरांनी वाक्यात 'नॉट' कुठे घालायचं ते शिकवलं. मग पुन्हा मला झाडू उचलायला सांगितलं. मी उभी राहिले. झाडूला हात लावला नाही.

"आय ॲम नॉट स्वीपिंग."

सर चिडले नाहीत. हळूच म्हणाले, "बाहेर हो. माफी मागशील तेव्हा आत ये."

घरी मी सगळं खरं सांगितलं. तव्यावरची भाकर करपली, आईचं लक्ष नव्हतं. ती उतरवून म्हणाली, "माफी मांगून घे, माय. झाडल्यानं हात झडत नाहीत."

मी विचारलं, "मंग तू काहून सोडलं?"

"तू शिकशीन म्हून."

तिनं पदर डोळ्याला लावला. मीही रडले. पण माफीचं कबूल केलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून इंग्रजीच्या तासाला मी व्हरांड्यात बसू लागले. उन्हाळ्यात फरशी तापायची. पोरांचं हसणं ऐकू यायचं, वाक्यं अर्धवट यायची, फळा दिसत नसे. कोणी विचारलं नाही, ही बाहेर का? हेडमास्तर रोज समोरून जात.

मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाले. बाकी सगळे विषय सुटले. दरवर्षी पुन्हा बसले, पुन्हा तेच. सोबतच्या पोरी लग्न होऊन गेल्या. आई थकत चालली होती. एक दिवस म्हणाली, "एकडाव जाऊन ये सराकडं. थोडं सांगतीन तुले. म्हातारे झाले आता."

मी परीक्षेचा फॉर्म घेतला, चपला घातल्या.

"परीक्षेले जातो, आई. सराकडं नाही."