राजेसाबांची पसंती

राजेसाबांना समोरचं नीट दिसेनासं होऊन आठ महिने झाले होते, आणि तरीही औषधांच्या धंद्यात सोलापुरातला सगळ्यात चलाख ऑर्डर घेणारा माणूस म्हणून त्यांचंच नाव निघत होतं. हे कसं जमलं म्हणाल, तर निव्वळ बोटांच्या जोरावर.

गुरप्पा शेठच्या होलसेलमध्ये ते सव्वीस वर्षं एकाच खुर्चीत बसले. करकंब, माळशिरस, अकलूजचे मेडिकलवाले फोन करायचे, राजेसाब फोन मानेत अडकवायचे आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माल कॉम्प्युटरात चढवून मोकळे. जुन्या प्रोग्रामला माउस लागतच नसे. चार अक्षरं, एंटर, खालचा बाण, आकडा, पुन्हा एंटर. मधुमेहाच्या, म्हणजे साखरेच्या गोळीचं घ्या. यादीत सगळ्यात वर चार मिलिग्रॅम, मग दोन, मग एक. एकची हवी तर बाण दोनदा. स्क्रीन पुढं सरकायच्या आधीच राजेसाबांची बोटं पुढच्या रकान्यात पोचलेली असत.

मेडिकलवाल्यांनाही त्यांची सवय लागली होती. दुसऱ्या कुणाचं बिल आलं की ते एकेक पाकीट ताडून घ्यायचे. राजेसाबांचं आलं की खोकं सरळ रॅकवर रिकामं. ह्याचा राजेसाबांना कोण अभिमान! सणासुदीला घरी पाहुणे आले की हे त्यांना ऐकवल्याशिवाय चहा मिळत नसे.

साखर त्यांच्या स्वतःच्या रक्तातही होती. तिनं डोळे खाल्ले. बघावं तिथं मधोमध काळा डाग आणि कडेनं थोडा उजेड. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हे फक्त त्यांच्या बायकोला, बिबीजानला ठाऊक होतं. मुलगी शाइस्ता फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचं शिक्षण होईस्तोवर खुर्ची टिकवायची, एवढंच राजेसाबांनी मनाशी धरलं होतं.

अशात शेठनी अकलूजला दुसरं गोडाऊन काढलं आणि त्यांची मुलगी सोनम कारभार बघू लागली. दोन गावांत दोन कॉम्प्युटर, दोघांचा स्टॉक वेगळा. इथं आहे म्हणून सांगितलेला माल तिथं कालच संपलेला असायचा. सोनमनं तीन वाटा शोधून काढल्या. एक, जुना प्रोग्राम दोन्हीकडं तसाच ठेवून रोज स्टॉक जुळवत बसायचं. दुसरी, तोच प्रोग्राम पुण्यातल्या भाड्याच्या मोठ्या मशीनवर चालवायचा आणि इथून नेटवरून त्याची नुसती स्क्रीन वापरायची. तिसरी, ब्राउझरमध्ये चालणारा नवा वेब प्रोग्राम घ्यायचा. पहिली तर बादच झाली. सोनमच्या मनात तिसरी होती. पण ती मोठी शहाणी पोर, हुकूम सोडला नाही.

"चाचा, ऑर्डर तुम्ही घेता. दोन्ही आठवडा आठवडा वापरून बघा. तुम्ही म्हणाल ते घेऊ."

वेबचा आठवडा राजेसाबांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. नाव लिहिलं की खाली रंगीत यादी उलगडायची, तिचा क्रम रोज बदलायचा, आणि हवी ती ओळ माउसनं टिपायची. त्यांना माउसचा बाणच सापडेना. शेजारच्या टेबलावरच्या रुपालीला म्हणायचे, "पोरी, जरा वाच की. चष्मा घरी राहिला." चष्मा सहाही दिवस घरी राहिला.

दुसऱ्या आठवड्यात मोठ्या मशीनवर जुनेच रकाने आले, जुनीच बटणं आली. राजेसाबांचा जीव भांड्यात पडला.

"बेटी, त्या वेबचे लई नखरे हायेत," त्यांनी शनिवारी सांगितलं. "हे मोठ्या मशीनचंच घ्या. ह्याच्यावर हात बसलाय की."

सोनमनं वेब प्रोग्रामचा कागद बाजूला सारला. मग म्हणाली, "बरं, चाचा." सव्वीस वर्षांच्या माणसाचा शब्द कोण मोडणार? आणि मला तर राजेसाबांचा रागच येतो. इतक्या लोकांनी भरवसा टाकला होता, आणि खोटं बोलताना त्यांची जीभ एकदाही अडखळली नाही.

बिबीजान रात्री भाकरी वाढताना म्हणाली, "बोल देव ना जी सोनम बेटी को."

"दो साल," राजेसाब म्हणाले आणि जेवू लागले.

दोन वर्षं कुठली! दोन महिने निघाले. एका सोमवारी सकाळी नेट रेंगाळत होतं. करकंबहून धुळाचा फोन आला. ह्या धुळाचं तिथल्या बाजारात मेडिकल होतं. राजेसाब नेहमीसारखे त्याच्या तोंडचं उचलत गेले. साखरेची एकची गोळी, दहा पाकिटं. चार अक्षरं, एंटर, बाण, बाण, आकडा, एंटर. मध्येच नेटची लाइन तुटून जुळली आणि दोन्ही बाण वाटेतच गळाले. डोळस माणूस थांबला असता.

पाचव्या दिवशी धुळाचा पुन्हा फोन आला. आवाज खाली गेलेला.

"चाचा, आई दवाखान्यात हाय. साखर पार उतरली तिची. जीव वाचला, पर कुणाला वळकंना झालीय."

"केराबाई? अरे, कशानं?"

"एकची सांगितलेली की मी. चारची आली. खोक्याचा रंग त्योच. म्याच माज्या हातानं दिली तिला." धुळा रडायला लागला. "बगितलंच न्हाय, चाचा. तुमचं बिल हुतं न्हवं."

राजेसाबांनी फोन ठेवला. रुपालीला सांगून त्यांनी सोनमला ही गोष्ट कळवली. 

दुपारी सोनम त्यांच्या टेबलाशी येऊन बसली. पुण्याच्या मशीनवरच्या नोंदी तिनं मागवल्या होत्या. "मशीननं दगा दिला, चाचा. तुमच्याकडं बोट दाखवत नाही मी. पण लाइन तुटली, थांबा, असं लाल अक्षरांत स्क्रीनभर आलं होतं. तुम्हाला दिसलं कसं नाही?"

दोष नेटवर ढकलायला जागा होती. तिनं आपण होऊन ती दिली होती. राजेसाबांना धुळाचं रडणं ऐकू येत होतं.

"मला काहीच दिसत न्हाय, बेटी," ते म्हणाले. "अकरा म्हैने झाले."

सोनमनं हातातल्या नोंदी खाली ठेवल्या. म्हणाली, "मला सांगायचंत तरी. त्या वेबमध्ये ओळ न् ओळ वाचून दाखवायची सोय होती. कानात लावून बसता आलं असतं तुम्हाला."

राजेसाबांनी मान खाली घातली आणि ते हमसून हमसून रडले. रुपालीनं पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं.

तेवढ्यात फोन वाजला. सवयीनं त्यांचा हात पुढं गेला आणि अर्ध्यावर थांबला. फोन सोनमनं उचलला. माळशिरसचा मेडिकलवाला होता.

"मी सोनम बोलतेय. ऑर्डर सांगा, मी लिहून घेते."

"तुमी नगा," पलीकडचा मोठ्यानं म्हणाला. टेबलापाशी सगळ्यांना ऐकू गेलं. "मी थांबतो की. चाचांनाच द्या, त्यांनी घेतलं की पुन्हा बगाया लागत न्हाय."