भाऊंचा कापूस आणि इंग्लिश खोगीर

"दोन स्क्रू मारले का भिंतीवर फिट्ट बसते हे."

मी दाराशी पाठमोरी बसून लगाम पुसत होते. बोलणारे गृहस्थ आमच्या रायडिंग क्लबच्या मालकांचे मेव्हणे. प्रताप नगरात त्यांचं रेस्टॉरंट उघडणार होतं आणि त्यातल्या एका भिंतीला त्यांनी 'ब्रिटिश भिंत' असं नाव दिलं होतं. भिंतीवर ग्रामोफोन लागला होता, बंद घड्याळ लागलं होतं. आता खोगीर पाहिजे होतं.

"घेऊन जा," मालक म्हणाले. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. "घोडीची पाठ खराब करून राहिलं ते. आतून सांगाडा मोडला असंन. म्हातारं झालं."

"म्हातारे तर तुम्हीबी झाले. ताईनं तुम्हाले टांगलं का भिंतीवर?"

"टांगलंच हाय ना गा. तुले दिसत नाही."

दोघं हसले. मेव्हणे रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाले आणि गेले. मी लगाम पुसत राहिले. तो आधीच स्वच्छ होता.

आमचा क्लब हुडकेश्वरच्या पुढे आहे, जिथे घरं संपतात आणि प्लॉटच्या जाहिराती सुरू होतात. मी सुट्टीच्या दिवशी घोड्यावर बसायला जाते, असं घरी सांगते. प्रत्यक्षात निम्मा वेळ मी सामानाच्या खोलीत असते. तिथे चामडं, साबण आणि फडकी असतात आणि कुणी कुणाशी बोलावं अशी अपेक्षा नसते. शाळेत मी इंग्रजीत गप्प असायचे, घरी मराठीत. इथे दोन्ही चालतं.

खोगिराची निगा मी इंटरनेटवरच्या एका इंग्लिश बाईकडून शिकले. तिच्या खिडकीबाहेर कायम पाऊस पडत असतो. चामडं दमट राहू देऊ नका, असं ती पुन्हापुन्हा सांगते. नागपुरात मे महिन्यात चामडं दमट ठेवायचं म्हटलं तरी जमत नाही. ते वाळून तडकतं. तेव्हा तिचं अर्धं ऐकायचं आणि अर्धं उलटं करायचं, अशी माझी पद्धत आहे. फेरी झाली की ओल्या फडक्यानं घाम पुसायचा. साबणाला फेस येऊ द्यायचा नाही. तेल बोटाच्या टोकावर येईल एवढंच, कारण जास्त झालं की शिवण कुजते. सुकवायचं सावलीत.

घोड्यांची निगा राखणाऱ्या आमच्या मोतद्दारकाकांना हे पटत नाही. त्यांचा भरवसा खोबरेल तेलावर. "केसाले चालते, त कातड्याले काहून नाही?" असं ते विचारतात. एका थंडीत त्यांनी मी यायच्या आधीच सढळ हातानं तेल लावून ठेवलं होतं. ते खोगिरावर पांढरं थिजलं आणि दिवसभर खोगीर आइस्क्रीम सांडल्यासारखं दिसत होतं.

पण त्या खोगिरानं तेही सहन केलं. ते कामठीच्या छावणीतल्या कुणा साहेबाकडून भाऊंच्या वडिलांकडे आलं, असं म्हणतात. खरं-खोटं माहीत नाही. बनवणाऱ्याचा शिक्का होता, त्यातली तीन अक्षरं उरली आहेत. चामड्याचा रंग कोऱ्या चहाचा. गुडघे टेकतात तिथे दोन्ही बाजूंना खोलगट जागा झाल्या आहेत. त्या माझ्या गुडघ्यांनी झालेल्या नाहीत, पण माझे गुडघे तिथे बरोबर बसतात. क्लबात नवीन सिंथेटिक खोगिरं आली आहेत. हलकी आहेत, नळाखाली धुता येतात. त्यांच्यावर बसणं म्हणजे बँकेतल्या खुर्चीवर बसणं; तक्रार काही नसते, पण आपला नंबर कधी लागेल असं वाटत राहतं.

मागच्या पावसाळ्यात या जुन्या खोगिराच्या गादीत उंदरानं घर केलं. गादी म्हणजे खालचा, घोड्याच्या पाठीला टेकणारा भाग. त्यात लोकर भरलेली असते. मराठीत फालतू भरणीला खोगीरभरती म्हणतात. हा शब्द काढणाऱ्यानं घोड्याला विचारलेलं दिसत नाही. उंदीर निघाला, लोकरही फेकावी लागली. भाऊ म्हणाले, लोकर कायले पाहिजे? त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या कापूस आहे, सरकी काढायचं जिनिंग आहे. त्यांनी स्वतः निवडून कापूस काढला आणि उमरेडच्या त्यांच्या गादीवाल्याकडून खोगीर भरून आणलं. त्याच माणसानं त्यांच्या मुलीच्या लग्नातल्या गाद्या भरल्या होत्या. खोगीर परत आलं तेव्हा भाऊंनी प्रत्येकाला हात लावून बघायला सांगितलं. "आपल्या शेतातला हाय," ते म्हणत होते. सगळ्यांनी दाबून बघितलं. मीही दाबून बघितलं. खरंच खूप मऊ होतं.

काही आठवड्यांनी तांबडी घोडी पोटाखालून खोगिराचा तंग आवळताना कान मागे टाकायला लागली. मग तिनं मोतद्दारकाकांची बाही चावली. मग तिच्या पाठीवर दोन टेंगळं आली आणि दोष खोगिराच्या वयावर गेला.

शनिवारी मी खोगीर मांडीवर उलटं घेतलं. आधी सांगाडा बघितला. पुढची बाजू मांडीला टेकवायची आणि मागची आपल्याकडे ओढायची. मोडका सांगाडा कुरकुरतो आणि कागदासारखा वाकतो. हा वाकला नाही. नंतर तळहात गादीवरून फिरवला. टेंगळं जिथे होती, बरोबर तिथे आत गोळे लागले. शिवणीजवळच्या फटीतून हूक घालून थोडं ओढून काढलं. घाम पिऊन कडक झालेला कापूस होता. गोळ्यात एक सरकीही निघाली.

मी गोळा मोतद्दारकाकांना दाखवला.

"मले माहीत हाय," ते म्हणाले.

"मग तुम्ही भाऊंना सांगितलं का नाही?"

"भाऊच्या कापसाले मी नाव ठेवू? मले इथंच राहायचं हाय. तू सांग. तू फी देते."

मी वाक्य तयार केलं. इंग्रजीत केलं तर ते तक्रारपत्रासारखं झालं. मराठीत केलं तर शोकसभेतल्यासारखं. शेवटी भाऊंना मेसेज पाठवला, की खोगिराबद्दल थोडं बोलायचं होतं. उत्तरात गुलाबाचं चित्र आलं. त्यावर शुभ रात्री लिहिलं होतं आणि दुपार होती.

रविवारी मेव्हणे आले ते खडू घेऊनच. स्क्रू कुठून जाणार ते इथेच ठरवू म्हणाले, म्हणजे कारागीर चुकायचा नाही. त्यांनी खोगिराच्या बाजूला लोंबणाऱ्या डाव्या पाखीवर, गुडघ्याच्या खोलगट जागेत, एक फुली मारली. वर दुसरी मारली.

"बेटा, शेवटचा हात मार वं याच्यावरून," भाऊ मला म्हणाले. "चमकलं पाहिजे तिथं."

मी फडकं ओलं केलं आणि खोगीर पुसलं. फुल्याही पुसल्या गेल्या.

"अरे, निशाण गेलं ना," मेव्हणे म्हणाले आणि त्यांनी पुन्हा फुल्या मारल्या.

मी पुन्हा पुसल्या.

मेव्हण्यांनी भाऊंकडे बघितलं. भाऊंनी मोतद्दारकाकांकडे बघितलं. काकांनी घोडीकडे बघितलं आणि तिच्या खुरात काहीतरी अडकलंय असं ठरवून ते खाली वाकले.

"आता काय सांगा," मेव्हणे म्हणाले. "भाऊजी, या पोरीचं मन नाही दिसत."

"काहून वं बेटा?" भाऊंनी विचारलं. ते रागावले नव्हते. माझ्या हातून काही हिसकावून घ्यावं असा त्यांचा स्वभाव नाही. पण त्यांचा हात खोगिराखाली गादीवर होता आणि सवयीनं ते ती दाबून बघत होते, ती भरून आली त्या दिवशी सगळ्यांना दाबायला लावली होती तशीच. त्यांना गोळा लागला असावा, कारण बोटं एका जागी थांबली. पण चेहऱ्यावरून तसं काही दिसलं नाही. बोटं पुढे सरकली. मेव्हण्यांनी खडू पुन्हा उचलला.

मी फडकं खोगिरावर ठेवलं आणि त्यावर हात ठेवला.

"भाऊ, खोगीर चांगलं आहे," मी म्हणाले. "घोडीला तुमचा कापूस टोचतो."