दिवाळीची आंघोळ घातलेलं नाणं

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. पत्नीला सांगायचं तर तिच्या हयातीत राहूनच गेलं.

२००४ साली आम्ही दोघं अमेरिकेत मुलाकडे, चँडलरला होतो. शेजारी एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ राहायचे. जुनी अमेरिकन सोन्याची नाणी जमवायचा त्यांना नाद. टेबलावर टॉवेल अंथरून ते एकेक नाणं फक्त कडेनं धरून दाखवत. कोणत्या टांकसाळीचं, कुठे झिजलंय, सगळं तोंडपाठ. त्यांचं लाडकं नाणं वीस डॉलरचं, कॅलिफोर्नियात सोनं सापडलं त्या काळातलं. त्यावरच्या स्त्रीमुखाच्या केसांत लालसर झाक होती.

"हा रंग चढायला दीडशे वर्षं लागली," ते म्हणाले. मला तो मळ वाटला.

लक्ष्मीपूजनात सोनं मांडतात हे कळल्यावर त्यांनी ते नाणं आपणहून आणून दिलं. "तुमच्या देवीला भेटू दे." इतका विश्वास माझ्यावर सख्ख्या भावानंही टाकला नसता.

पण देवीपुढे मळकं सोनं कसं ठेवायचं? मी ते डबीतून काढून टूथपेस्ट आणि ब्रशनं घासलं. लखलखीत झालं.

संध्याकाळी ते फराळाला आले. पाटावरचं नाणं पाहून थबकले.

"कोणी साफ केलं?"

त्यांच्या आवाजावरूनच चूक कळली. "बायकोनं," मी म्हणालो. "तिला कल्पना नव्हती."

तिला इंग्रजी समजत नसे. "काय म्हणतायत हो?"

"नाणं छान दिसतंय म्हणतात."

"मग चकली घ्या म्हणावं आणखी. सुनेच्या नाहीत, माझ्या आहेत!"

त्यांनी दोन घेतल्या, तिला वाकून 'थँक यू' म्हणाले.

घासलेलं नाणं संग्राहकांच्या लेखी बाद होतं, गेलेला रंग परत येत नाही, हे मी नंतर वाचलं. त्यांनी मात्र ते संग्रहातल्या त्याच्या जागेवरून हलवलं नाही. बाकीच्या शांत, तांबूस नाण्यांमध्ये ते एकटंच पितळेसारखं चमके. पाहुण्यांना ते कौतुकानं सांगत, "याला दिवाळीची आंघोळ घातलीय. शेजारच्या बाईंनी, स्वतःच्या हातानं." मी शेजारी उभा राहून मान डोलवायचो. एवढं मोठं मन मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही.

भारतात परतायच्या आदल्या दिवशी मी इंग्रजी वाक्य पाठ करून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दार उघडलं आणि आधी तिचीच चौकशी केली. मी 'गुडबाय' म्हणून परत आलो.

आता ते नाहीत, तीही नाही. वाक्य एवढंच होतं: नाणं तिनं नाही, मी घासलं. मला माफ करा.