मिसरीचा डबा

कासारसाईच्या हौसाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. चुलीवर तंबाखू भाजून मिसरी करतात आणि उजाडलं की ओट्यावर बसून ती बोटानं दातांवर घासत राहतात. नवी नवरी असताना त्यांची दाढ ठणकली, तेव्हा त्यांच्या सासूनं लावायला दिली. ठणका थांबला, मिसरी काही सुटली नाही. आता हिरड्या सडल्यात, दात हलतात, भाकरी दुधात कुस्करावी लागते.

हिंजवडीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "मिसरी बंद करा, नाहीतर सगळे दात जातील." सासूबाईंनी मुकाट्यानं डबा माझ्या हवाली केला. दुपारपर्यंत मात्र डोकं धरून बसल्या.

"दे गं त्यो डबा. लावली तर दात जात्यात, न्हाई लावली तर जीव जातोय."

मी भडकले. आज हा डबा उकिरड्यावरच जाणार! फडताळ उघडलं, तर डबा नव्हता.

तो परसात, माझ्या सात वर्षांच्या लेकीपुढं उघडा होता. तिची दाढ किडलीय. दुधाचीच आहे, पडेल, म्हणून घरात कुणी मनावर घेतलं नव्हतं. तिचं बोट काळं झालं होतं.

"मम्मी, आजी लावती तशी लावली. दुखायचं थांबलं बघ. उद्या बी लावू?"