तिवराचा तेवर

तुमच्या पाठुंगळी बसून चिखल ओलांडणारं माणूस उद्या तुमच्या पुढे निघून गेलं, तर तुम्ही काय कराल? गोड उत्तर नको. खरं सांगा.

मुक्ता जळली. सरळ जळली.

लखनौ छावणीजवळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहणारी ही बाई मूळची मालवणच्या खाडीकाठची. लहानपणी तिवराची, म्हणजे खारफुटीची, वर आलेली टोकदार मुळं चुकवत अनवाणी चालावं तर मुक्तानेच. धाकटी बहीण देविका तिच्या पाठीवर डोळे मिटून. मग मुक्ताचं रेल्वे इंजिनिअर श्रीपादशी लग्न झालं आणि खाडी देविकाला राहिली.

मधल्या काळात कोळंबीच्या तळ्यांसाठी बांध घातले गेले, भरतीचं पाणी अडलं, तिवर उभ्या उभ्या वाळलं. पुढे तळ्यांचा धंदाही बुडाला. देविकाने गावातल्या बायका जमवून त्या पडीक बांधांना खांडं पाडली. पाणी आत आलं, बी आपसूक रुजलं. आता कुठे कुऱ्हाडीचा आवाज आला की गाव देविकाला फोन करतं. पेपरात फोटो देविकाचा.

"चिखलाला भिणारी ती," मुक्ता श्रीपादला म्हणायची.

"अगं, तीस वर्षं झाली," तो म्हणायचा. त्याला त्या दिवशी भाजी अळणी मिळायची.

लखनौच्या महाराष्ट्र मंडळाने कोकण किनाऱ्याविषयी कार्यक्रम ठरवला. सेक्रेटरी अनघाताई म्हणाल्या, "देविकाला ऑनलाइन बोलवू या का?"

"मी मेले का?" मुक्ता म्हणाली, आणि त्याच तिरमिरीत हजरतगंजमागच्या छापखान्यात बॅनर टाकून आली: 'तिवर बचाओ, खाड़ी बचाओ'.

बॅनर आला तो 'तेवर बचाओ'.

"मैडम, तिवर कोई लफ़्ज़ नहीं होता," छापणारे बुजुर्ग अदबीने म्हणाले. "आपसे चूक हुई होगी, हमने दुरुस्त कर दिया।"

तेवर म्हणजे ताठा, भुवयांवर चढलेला राग. मुक्ताकडे तो भरपूर होता. तो तिने तिथेच मोकळा केला. मग रागारागात बॅनरचा फोटो छापखान्याच्या कहाणीसकट बहिणीला पाठवला.

आठवड्याने तोच शब्द पेपरात. खाडीकाठी फलक: 'तिवराचा तेवर वाचवा'. शेजारी देविका.

मुक्ताने फोन लावला. "माका न इचारता लावलंस?"

"ताई, शब्द तुझो नाय, त्या छापणाऱ्याचो," देविका हसली. मग सांगू लागली. रिसॉर्टवाल्याला खोल्यांतून पाणी दिसावं म्हणून काठचं तिवर हवं होतं कापून. गावातले अर्धे पुरुष तयार होते. तो पाहणीला आला, फलकापाशी थांबला, विचारलं, तेवर म्हणजे काय? बायकांनी भुवया चढवून दाखवलं. एकीनेही वाट सोडली नाही. तो परत गेला.

"पण परत येतलो," देविका म्हणाली.

मुक्ताला तिवर वाचलं याचा आनंद होता, खोटं कशाला सांगू? पण भुवया चढवायला ती तिथे नव्हती, आणि ते तिला सलत होतं. तरी विचारलं, "फलकावर खाली माझं नाव घालशील?"

"घालतंय. अगदी बारीक."

घातलं की नाही, कळत नाही. म्हणून तुम्हालाच सांगते: त्या खाडीकडे गेलात तर वाकून बघा, आणि नाव नसेल तर चार लोकांना सांगा की हा तेवर लखनौचा आहे. पण तिवरावर कुऱ्हाड दिसली, तर आधी देविकालाच फोन करा. मुक्ताला नंतर करा, पण करा.