अनवाणी पाहिजेत

त्या गोष्टीला आता चार हिवाळे झाले, पण आठवलं की अजून माझे कान तापतात.

मी तेव्हा महाराजपूरच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवत होते. जबलपूरच्या आम्हा मराठी कुटुंबांचं एक छोटं मंडळ आहे. दर हिवाळ्यात ते एखाद्या शाळेतल्या गरजू मुलांना बूट वाटतं. त्या वर्षी मीच माझी शाळा सुचवली. मुलांना जुन्या वर्तमानपत्रावर उभं केलं, प्रत्येकाच्या पावलाभोवती पेन्सिलीनं रेघ ओढली, आत नाव लिहिलं. गुदगुल्या होऊन मुलं खिदळत होती. तो गठ्ठा मंडळाच्या अध्यक्षांना नेऊन दिला. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, माझ्या वडिलांच्या ओळखीचे. मी त्यांना काकाच म्हणायचे.

वाटपाच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. मुलं मंडळाच्या सभागृहात आली. बऱ्याच जणांच्या पायात झिजलेल्या, तुटक्या का होईना, पण चपला होत्या. काकांनी दारातच मला अडवलं.

"अगं, हे काय? चपला घालून काहून आणलं यांना?"

"थंडी आहे, काका."

"मग फोटोत काय दिसन? अनवाणी पाहिजेत. आपण काय करून राहिलो, ते लोकांना समजलं पाहिजे न!"

मी तिथंच नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. उलट मीच मुलांकडे वळून म्हणाले, "चलो बच्चों, चप्पल उतारो." माझ्याच तोंडानं.

सगळ्यांनी ऐकलं. एक मुलगी सोडून. माझ्याच वर्गातली. मापं घेतली तेव्हा तिच्या पायात काही नव्हतं. तिची आई मंडीत मटार निवडायला जायची, आणि मधल्या आठवड्यात तिनं स्वतःच्या कमाईतून लेकीला लाल सँडल घेऊन दिल्या होत्या.

"मम्मी ने दिलाई है," एवढंच म्हणून ती दोन्ही पट्टे हातांनी घट्ट धरून खाली बसली.

काका सगळ्यांसमोर म्हणाले, "इसके पास तो है! झूठ बोलके आई है क्या? नाम काटो इसका."

आठ वर्षांच्या पोरीला! ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, आणि मी हातातली यादी चाळायला लागले.

वाटपासाठी बोलावलेले पाहुणे तासाभरानं आले. तोवर मुलं गार फरशीवर उभी होती, एका पायावर दुसरा पाय ठेवून. पाहुण्यांनी वाकून एकाच्या बुटाची नाडी बांधली, फोटो निघाले, टाळ्या झाल्या. बाकीची खोकी उघडली तर सगळे बूट तीनच मापांचे. कोणाची बोटं आत दुमडत होती, कोणाचा बूट चालताना मागे राहात होता.

"काका, मी मापांचे कागद दिले होते न?"

"एवढं कोण बघत बसते? थोकात घेतला की माल असाच येतो."

बाहेर आलो तर मुलांच्या चपला गायब. सभागृह झाडणाऱ्या माणसानं काकांच्या सांगण्यावरून त्या पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत टाकल्या होत्या. नवे मिळाले, आता जुन्यांचं काय काम!

दुसऱ्या दिवशी वर्गात काही मुलं बुटांच्या टाचा चेपून फरफटत आली, काही अनवाणीच. आणि मधल्या सुट्टीत त्या मुलीची आई आली. मजुरी बुडवून.

"मैडम, जूते नहीं चाहिए," ती म्हणाली. "बस इतना बता दो, मेरी बेटी ने झूठ कब बोला?"

मी हात जोडले, तर तिनं ते बघितलेही नाहीत.

शाळा सुटल्यावर तडक काकांच्या घरी गेले. मापांचा गठ्ठा त्यांच्या टेबलाखालीच पडला होता, सुतळीही सोडलेली नव्हती. चहा आला. मी तो बाजूला सारला.

"काका, लेकरं अनवाणी नव्हती. आपण केली त्यांना अनवाणी."

"एवढं काय चिडून राहिली तू? पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षापर्यंत ती काय पायात घालतील?"

आयुष्यात पहिल्यांदा वडिलांच्या वयाच्या माणसावर मी ओरडले. त्यांची सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं तो गठ्ठा उचलला आणि चपला पायात सरकवल्या. बूट जिथून आले होते, त्या दुकानात आम्ही दोघी ऑटोनं गेलो. दुकानदार कुरकुरला, पण ती हटली नाही. संध्याकाळपर्यंत बसून एकेका कागदावर बूट ठेवून बघितला. नंतरच्या चार दिवसांत मुलांचे बूट बदलून झाले, वर्गातच, भाषणाशिवाय. फार चेपलेले दुकानदारानं परत घेतले नाहीत. ते आम्ही दोघींनी नवे घेतले.

काका माझ्याशी अजून बोलत नाहीत. बरंच आहे.

त्या शनिवारी मी वर्गात उभी राहिले आणि सगळ्यांसमोर त्या मुलीला म्हटलं, की ती खोटं बोलली नव्हती, चूक आमची होती, आणि मी गप्प बसले ही माझी. ती मान खाली घालून पाटीवर रेघा मारत होती. मग म्हणाली, "मम्मी को भी बोलना."

मी त्याच दिवशी तिच्या घरी गेले.