धुक्यातून नेलेली साडी

डिसेंबर लागला की बेंगळुरूच्या लोकांना धुक्याचं वेड लागतं. पहाटे उठायचं, गाड्या काढून डोंगर गाठायचा, पांढऱ्याफटक हवेपुढं उभं राहून फोटो काढायचे आणि ते जगाला पाठवायचे. मलाही येतात. मी पुसून टाकतो. काहीच दिसत नसताना फोटो कशाचा काढता, असं ऑफिसातल्या एकाला मी एकदा फटकन विचारलं, तर तो हसला. सर रागीट आहेत, हे तिथं सगळ्यांनी गृहीतच धरलंय.

मला धुकं म्हटलं की शिवाजीनगरहून आनेकलला जाणारा रस्ता आठवतो. माझी बहीण गेली त्या सकाळचा.

आमची घरं पिढ्यान् पिढ्या इथलीच, त्यामुळं थोरली बहीण ही ताई नव्हे, अक्का. लग्न होऊन ती आनेकलला गेली. दाजी तिथल्याच एका कारखान्यात. त्या पहाटे त्यांचा फोन आला. अक्का झोपेतच गेली होती. आदल्या संध्याकाळी तिनं मला अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा पाठवते म्हणून सांगितलं होतं. मग दाजींच्या आईनं फोन घेतला. "साडी घिऊन ये बाबा. तू आल्याबिगर तिला हलवत नाही आम्ही."

आमच्याकडं रीतच आहे तशी. सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं वस्त्र माहेरचं पडावं लागतं. ते येईपर्यंत तिला घराबाहेर काढत नाहीत. आमचे आई-अप्पा कधीच गेलेले, काका-मामाही उरले नव्हते. अक्काचं माहेर म्हणजे मी आणि माझी बायको.

बायकोनं कपाटातून एक कोरी हिरवी साडी काढली, घडी उलगडून बघितली आणि परत ठेवली. "ही नको. ही अक्कांनीच मला दिलेली." मग आम्ही शिवाजीनगरला गेलो. अक्काच्या नेहमीच्या दुकानाचा मालक दुकानाच्याच वर राहतो. त्याला हाका मारून उठवलं, त्यानं अर्धं शटर वर केलं. एवढ्या सकाळी कुठलं लग्न, असं त्यानं विचारलं. हिरवी दाखवा, बायको म्हणाली.

दर भाऊबीजेला मी अक्काला साडी घ्यायचो आणि दर भाऊबीजेनंतर ती साडी बदलून आणायची. कधी काठ बारीक, कधी रंग धुण्यात जाईल म्हणून. मी चिडायचो. तुझ्या आवडीचं काही मिळेल असं दुकान अजून निघायचंय, म्हणायचो. ती खुशाल हसायची. त्या दिवशी मी रुंद काठाची, तिला आवडली असती अशी निवडली. पिशवीत घालताना मालक सवयीनं म्हणाला, "बिल ठेवा, अण्णा. अक्कांना पसंत नाही पडली तर बदलून देतो."

मी पायरीवरच बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. काय झालं ते बायकोनं त्याला सांगितलं असणार, कारण नंतर त्यानं पैसे घेताना मान वर केली नाही.

टॅक्सीत बसलो तेव्हा शहरात धुकं विरळ होतं. एचएसआर लेआउट मागं पडलं, होसूर रोड लागला आणि ते दाटत गेलं. चंदापूरहून आत वळलो आणि पुढचं सगळं नाहीसंच झालं. शेतं नाहीत, निलगिरीची झाडं नाहीत, रस्त्याच्या कडेचा पट्टासुद्धा नाही. ड्रायव्हरनं काच खाली करून डोकं बाहेर काढलं होतं. कारखान्याच्या एका बसचा लाल दिवा पुढं होता, त्याच्या मागं मागं तो गाडी ढकलत होता.

इकडं फोनवर फोन. "कुठवर आलात?" दाजी विचारत. लोक जमलेत, सगळी तयारी झालीय, तुमचीच वाट बघतोय. माझा जीव टांगणीला लागला. मी ड्रायव्हरवर तोंडसुख घ्यायला लागलो. लायसन काय बाजारात मिळालं का, बैलगाडीसुद्धा पुढं जाईल, माझी बहीण तिथं पडलीय आणि तू काय करतोयस. बायकोनं दंड धरला तरी मी थांबलो नाही. तो बिचारा एकच वाक्य बोलला, "स्वल्प थांबा सर, नेतो तुम्हाला."

बस कुठल्याशा फाटकात वळली आणि लाल दिवाही गेला. ड्रायव्हरनं गाडी कडेला उभी केली. समोर पांढरं, मागं पांढरं. मांडीवर पिशवी होती. साडीला नव्या कापडाचा खळीचा वास येत होता. आणि तिथं बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, की ही साडी माझ्या मांडीवर आहे तोवर अक्का घरात आहे. तिच्या घरात, तिच्या माणसांत. मी पोचलो की तिला नेणार. तिला घरातून काढायला जे हवं होतं, ते घेऊन मीच तर निघालो होतो.

धुकं थोडं हललं. ड्रायव्हरनं घाईनं गाडी सुरू केली आणि आरशातून माझ्याकडं बघितलं, पुन्हा शिव्या बसतील म्हणून.

"सावकाश," मी म्हणालो. "घाई नाही."

त्याला काही कळलं नाही. बायकोला कळलं. ती खिडकीकडं तोंड करून रडायला लागली.

कितीही सावकाश गेलं तरी आनेकल आलंच. अंगणात माणसं उभी होती. धुक्यामुळं जवळ जाईपर्यंत कुणाचा चेहरा ओळखू येत नव्हता. अक्काला खाली चटईवर ठेवलं होतं. कपाळभर कुंकू, नेहमीपेक्षा किती तरी मोठं. दाजींच्या आईनं हात पुढं केले, पण माझी बोटं पिशवी सोडेनात. "दे बाबा," ती म्हणाली. "सोड आता. तिला थंडी वाजत असंल." मग मी दिली. बायकांनी आडोसा धरला आणि माझी साडी अक्काला नेसवली. हिरवा रंग तिला फार शोभत होता.

पुरुष पुढं सरसावले तसा मी "थांबा" म्हणून ओरडलो.

सगळे थांबले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "का, अण्णा? माहेरचं अजून कुणी यायचं हाय काय?"

मी रस्त्याकडं बघितलं. काहीच दिसत नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "कुणी नाही."

मग त्यांनी तिला उचललं.